दारामागची काठी

तुमच्या घरातली जी बाई सगळ्यांच्या आधी उठते, ती उठून स्वतःसाठी काय करते? आठवून बघा. मलाही सांगता आलं नव्हतं, आणि मी तर बायकांच्या हक्कांवर पत्रकं लिहिणारी.

आमच्या घरी पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील ती गठ्ठ्यानं आणायचे, खांडबाऱ्याच्या बाजारात वाटायचे, आणि उरलेल्यांवर मी अक्षरं गिरवायचे. मोठी झाल्यावर मीच ती लिहू लागले. लिहिणं म्हणजे बसणं. दिवसभर खुर्ची, संध्याकाळी खाट. जिल्ह्याच्या गावी दहा किलोमीटरची शर्यत आहे असं कळलं आणि मी फुशारकीत नाव दिलं, तेव्हा रनाळ्याच्या बसमागे दहा पावलं धावले तरी मला धाप लागत होती.

आई म्हणाली, पळायचं तर पळ, पण अंधारात एकटी नाही. आमच्याकडे मुलीला सोबत म्हणून वहिनीला धाडतात. म्हणून आईनं सकाळचा तवा स्वतःकडे घेतला आणि वहिनी आली. पायात चपला, डोक्यावर पदर, आणि हातात कुत्र्यांसाठी दारामागची काठी.

सुरुवातीला मी एका विजेच्या खांबापासून पुढच्या खांबापर्यंत पळायचे आणि तिथंच बरगडीखाली हात दाबून उभी राहायचे. वहिनी मागून आरामात चालत येऊन मला गाठायची. शेवटच्या घराच्या ओट्यावर एक म्हातारेबाबा दात घासत बसलेले असत. ते ओरडायचे, "काय वं पोरी, कुत्रं मांगे लागनं का?"

सासरच्या गावात वडीलधाऱ्यांना उलटून बोलायचं नसतं. पण घर मागे पडलं की वहिनी पदर खांद्यावर टाकायची आणि म्हणायची, "कुत्रं बरं बाबा, दमनं की थांबस तरी. आमनी ताई थांबतच नही!" मी तर पावलोपावली थांबत होते. दोघी हसायचो.

हळूहळू माझे खांब वाढले. पपईच्या बागेपाशी ती म्हणायची, "ताई, तुम्ही पळा. मी आठेच फिरस." मी पुढे पाण्याच्या पाटापर्यंत जाऊन परत यायचे. ती बांधावर फोन कानाला लावून फेऱ्या मारत असायची. नवापूरला तिची आई एकटी आणि आजारी. घरात तिचा फोन आला की माझी आई, मी, भाऊ, सगळे ऐकत असतो, बोलणं दोन वाक्यांत संपतं. इथं ती मोठ्यानं हसायची. एकदा रडतानाही दिसली. मी लांबूनच वळून पुन्हा पाटाकडे गेले. तेवढा शहाणपणा होता मला.

पुढचा नव्हता.

एका संध्याकाळी जेवताना मी सोबतीचा विषय काढला. मुलगी एकटी रस्त्यावर का जाऊ शकत नाही? रस्ता कुणाच्या बापाचा आहे का? माझ्या पत्रकातली वाक्यं एकामागून एक सुटली. वडिलांचा चेहरा फुलला. आई हरली आणि म्हणाली, "जाय मंग एकटी." वहिनी भाकरी वाढत होती. मी तिच्याकडे पाहिलंच नाही.

सकाळी मी निघाले तेव्हा ती तव्यापाशी होती. पिठाच्या हातानं तिनं काठी माझ्याकडे दिली. त्या दिवशी मी पहिल्यांदा न थांबता पाटापर्यंत गेले आणि आले. घरात शिरताच ओरडून सांगितलं. "चांगलं व्हयनं ताई," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

काही दिवसांनी गोठ्यामागून मला तिचा दबका आवाज आला. "हां माय, चांगलं शे. बठ्ठं चांगलं शे. नही, आते सकायले जमत नही." मी पाण्याची बादली घेऊन तिथंच उभी राहिले. माझी सोबत सुटली होती, तशी तिची सकाळही.

मी आईकडे गेले. वहिनीलाही सकाळी जाऊ दे म्हटलं.

"तू एकटी जास ना आते? मंग तिनं काय काम तठे?"

"चालायला."

"तिले काय शर्यत शे?"

मला कुत्र्यांची भीती वाटते, एवढं खोटं बोलले असते तर वहिनी दुसऱ्याच दिवशी माझ्याबरोबर असती. ते वाक्य ओठांवर येऊन परत गेलं. तत्त्व म्हणून, की जिंकलेलं सोडवत नव्हतं म्हणून, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

वहिनीला म्हटलं, तूही शर्यतीत नाव दे. ती हसली. "माले पळानं नही ताई. माले नुसतं चालानं शे."

मग एका सकाळी मी बूट घातलेच नाहीत. परात ओढली आणि काठी तिच्या हातात दिली. माझ्या भाकऱ्या कडेला फाटल्या, मधे कच्च्या राहिल्या. वडिलांनी एक तुकडा उचलला आणि विचारलं, "ती कुठे गेली?" पत्रकं वाटणाऱ्या माणसाचा तो पहिला प्रश्न. "चालायला," मी म्हणाले. त्यांनी कच्चा भाग बाजूला काढला आणि उरलेली खाऊ लागले. आई मात्र अजून कुरकुरते.

हे इथं संपलं असतं तर बरं झालं असतं. पण शर्यत जवळ आली आहे. सकाळ तिला देऊन संध्याकाळी पळायचं ठरवूनही, पाय हलके वाटले की मी सकाळीच निसटते, आणि त्या दिवशी तवा पुन्हा तिच्याकडे जातो. ती तक्रार करत नाही. काठी मला देते. मी ती घेते. कालही घेतली.

म्हणून तुम्हाला सांगते आहे, कारण चार लोकांना सांगितल्याशिवाय मला स्वतःला बांधून घेता येत नाही. उद्या सकाळी मी तव्यापाशी असेन. तुम्हीही तुमच्या घरच्या तव्यापाशी उभे राहा, आणि ती बाहेर पडली की कुठे निघालीस, कशासाठी, असं तिला विचारू नका.