छतात कोंडलेली मांजर

ताई कामावर निघाली की घरात कुणी तिच्या वाटेला जात नसे. मेलेली जनावरं उचलायची आणि ती जागा पुन्हा माणसांनी बसण्याजोगी करून द्यायची, हा तिचा आणि तिच्या थोरल्या भावाचा धंदा. दादा फोन घ्यायचा, गिऱ्हाइकांशी गोड बोलायचा, गाडी चालवायचा. छतात, गटारात, जिन्याखालच्या फटीत शिरायची ती ताई. अंगाने किडकिडीत, त्यामुळे मांजर जाईल तिथे आमची ताई जाईल, असं दादा हसत हसत सगळ्यांना सांगायचा.

अकरा वर्षांत तिने घुशी काढल्या, कबुतरं काढली, विहिरीत पडलेला कुत्रा दोर बांधून वर घेतला. वासाचं तिला काही वाटत नसे. माणसांचं वाटायचं. फोनवर गयावया करणारी माणसं ती दारात दिसली की नाकाला रुमाल लावून मागे सरकत, जणू ती घाण तिनेच केली होती. एका बाईंनी तर ती बसून उठलेली खुर्ची तिच्यादेखत पुसायला घेतली. ताई म्हणाली, "खुर्चीचे पाय राहिले, तेही पुसा."

त्या दिवशीचं काम एका मोठ्या कचेरीत होतं, चौथ्या मजल्यावर. मॅनेजर लिफ्टपाशीच उभा होता.

"छतात उंदीर मेलाय हो. तीन वाजता वरून साहेब येणार आहेत. त्याआधी वास गेला पाहिजे."

ताईने पांढरा सूट चढवला, मास्क बांधला, शिडी लावली आणि खोट्या छताची एक फळी सरकवून आत शिरली. आत कोपरावर सरपटण्याएवढीच जागा. वातानुकूलनाच्या नळ्यांमधून टॉर्च फिरवत ती टोकापर्यंत गेली आणि थांबली. उंदीर कुठला! करड्या ठिपक्यांची मांजर होती ती, आणि तिच्या पोटाशी तीन पिल्लं, चौघंही मेलेली. शेजारी भिंतीत एक भगदाड, त्यावर नवीकोरी प्लायची फळी ठोकलेली. त्या फळीची कड आतून इतकी खरवडलेली, की खाली भुशाचा थर साचला होता. मांजरीच्या पुढच्या पायांना नखं उरली नव्हती.

ताईने चौघांना एकत्रच पिशवीत घेतलं. पिल्लं वेगळी करायला तिचे हात धजावले नाहीत.

ती खाली उतरली तेव्हा दारापाशी कचेरीतले फोन घेणारी मुलगी उभी होती. बिचारीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मांजर होती ना?" तिने हळूच विचारलं.

"तुला कसं माहीत?"

"ओरडत होती. सहा दिवस. भोक बंद करताना सुतार म्हणाला होता, आत पिल्लं दिसतायत. मॅनेजरसाहेब म्हणाले, ठोक फळी, आपोआप जातील. मी नंतर परत सांगितलं, तर म्हणाले, थांबेल दोन दिवसांत. मग सगळ्यांनी गाणी मोठ्याने लावली."

"आणि तू?"

"माझी नोकरी नवीन आहे, ताई."

ताईने पिशवीचं तोंड बांधलं. या पोरीवर तोंड सोडून काय होणार होतं?

जनावर जाळायला पालिकेच्या भट्टीत द्यायचं तर सोबत एक फॉर्म लागतो. त्यावर मृत्यूचं कारण लिहायचं, खाली जागामालकाची सही घ्यायची. बहुतेक वेळा 'नैसर्गिक' लिहिलं की काम भागतं. ताईने सावकाश, ठसठशीत अक्षरात लिहिलं : पिल्लांसह जिवंत कोंडली. सहा दिवस ओरडत होती. सांगूनही उघडलं नाही.

मॅनेजरने वाचलं आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. "हे काय?"

"झालं ते."

"अहो, मांजरच आहे शेवटी."

"मग फोनवर उंदीर का म्हणालात?"

मॅनेजरने फॉर्म परत सरकवला. "नैसर्गिक लिहा आणि विषय मिटवा."

ताईने एक खुर्ची ओढली, पिशवी पायाशी ठेवली आणि बसली. "सही करा. तोवर ही पिशवी इथून हलायची नाही."

घड्याळात सव्वादोन झाले होते. मॅनेजरने खाली गाडीत बसलेल्या दादाला फोन लावला. दादा धापा टाकत वर आला आणि आल्या आल्या हात जोडले. "साहेब, मनावर घेऊ नका. ती जरा तापट आहे." मग ताईला बाजूला घेऊन दबक्या आवाजात म्हणाला, "यांच्या चार शाखांचं काम आहे आपल्याकडे. पोटावर पाय आणतेस? मेलेल्या मांजरीला आता काय फरक पडणार आहे?"

"वर जाऊन बघ, दादा. ती फळी बघ. अकरा वर्षांत एकदा तरी वर जा."

दादाने बुटांकडे पाहिलं. मग बॅगेतून दुसरा कोरा फॉर्म काढला, 'नैसर्गिक' लिहिलं, आणि त्याने नि मॅनेजरने उभ्या उभ्या सह्या ठोकल्या. आयुष्यात पहिल्यांदा पिशवी दादाने स्वतः उचलली.

 ताईने सूट उतरवला, जंतुनाशकाचा कॅन मॅनेजरच्या टेबलावर ठेवला. "छत धुवायचं राहिलंय. सह्या करणारे हात रिकामेच आहेत, तेच लावा कामाला." आपला फॉर्म घडी घालून तिने खिशात टाकला आणि चार मजले पायी उतरली.

तडक ती पालिकेच्या प्राणी विभागात गेली. खिडकीतल्या कारकुनाने तक्रार घेतली, पण मान हलवली. "तुमच्याच गाडीतून आलेला कागद 'नैसर्गिक' म्हणतोय."

"तो भावाने लिहिलाय. वर मी गेले होते."

"साक्षीदार?"

ताईने त्या मुलीला फोन केला. मुलगी रडली आणि नाही म्हणाली. चौथ्या दिवशी ताई पुन्हा चौकशीला गेली, तर ती आपणहून खिडकीशी येऊन उभी होती. तिच्या मोबाइलमध्ये मांजर कोंडल्याच्या तिसऱ्या दिवशीचा आवाज होता, दीड मिनिटांचा. तेव्हा रेकॉर्ड केला आणि नंतर पुसायचं धाडस झालं नाही, म्हणाली. कारकुनाने तो लावला. ताई उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसली.

मॅनेजरला दंड झाला आणि त्याची दुसरीकडे बदली झाली. तिथे तो पुन्हा मॅनेजरच आहे, हे कळल्यावर ताईने दोन दिवस धड जेवण केलं नाही. चार शाखांचं काम गेलं. दादाने बोलणं टाकलं. वहिनी मध्यस्थी करायला आली, "वन्सं, रक्ताचं नातं आहे, एवढं काय धरून बसायचं?" म्हणाली. "त्याला सांग, आधी वर चढून ये," एवढंच ताई बोलली. महिनाभरात तिने वेगळा धंदा मांडला, एका जुन्या टेम्पोवर.

त्या मुलीचीही नोकरी सुटली. आता ती ताईकडे फोन घेते. कुणीही वासाची तक्रार सांगू लागलं की ती आधी विचारते, "त्याआधी आवाज येत होता का? किती दिवस?"

बरेच जण तिथेच फोन ठेवतात. ठेवू देत, असं ताई म्हणते.