चंद्रप्पांच्या शेजारची जागा

मृत्युपत्र करायला कुणी आलं की मी आधी चहा मागवतो. येणाऱ्याचा निम्मा वेळ कुणाला काय द्यायचं नाही हे सांगण्यातच जातो, आणि मी पडलो तापट. अहमदपूरला इतकी वर्षं वकिली करून माणसाच्या देण्याघेण्याविषयी माझं मत काही फार चांगलं उरलेलं नव्हतं. महादेवीअक्कानं ते बदललं.

अक्का माझ्या आईची मैत्रीण. आपला शिवा काळा कोट घालतो याचं तिला कौतुक होतं, पण त्या कोटाचा धाक अजिबात नव्हता. तिचे मालक चंद्रप्पा, किराणा दुकानदार. त्यांनी गावाबाहेर अर्ध्या एकरात पाच खोल्यांचं घर बांधलं आणि मूलबाळ नसतानाच ते गेले. आम्हा लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. हातात इष्टलिंग देऊन, मांडी घालून मातीत बसवतात, आणि जमीन असेल तर स्वतःच्या जमिनीत. ज्याला वीतभरही जमीन नाही, तो रुद्रभूमीत, म्हणजे समाजाच्या सामायिक जागेत जातो. आपल्या मातीत बसायला मिळणं हा आमच्या लोकांचा शेवटचा मान. त्यापायी भावाभावांत डोकी फुटलेली मी पाहिली आहेत.

चंद्रप्पांना घरामागच्या लिंबाखाली बसवलं आणि वर कट्टा बांधला. त्याच्या शेजारची जागा अक्कानं स्वतःसाठी सोडली. तिथं तिनं कधी मेथीसुद्धा लावली नाही. सकाळी कट्ट्यावर बेल वाहिला की ती मोकळी जागाही झाडायची. "माझी खोली झाडून ठिवते," म्हणायची आणि हसायची.

पुढं जळकोटकडच्या एका खेड्यातली लुंबिनी नर्सिंग शिकायला अहमदपूरला आली. एसटीच्या वेळा जमेनात, म्हणून अक्कानं तिला मागची खोली दिली. पैसे घेतले नाहीत, वर जेवूही घातलं. लुंबिनी शिकून नोकरीला लागली तेव्हा अक्कानं ठरवलं, आपल्यामागं हे घर मुलींनाच द्यायचं. भाड्याच्या खोल्यांत मुलींचं वसतिगृह चालवणारी एक संस्था तिनं निवडली. त्या मुली तिच्याकडे येऊ-जाऊ लागल्या, तिच्या हातच्या धपाट्यांवर ताव मारू लागल्या. मग ती माझ्याकडे आली.

मी मसुदा केला. तिनं सांगितलं नसताना मी त्यात एक कलम घातलं, आणि त्याचा मला जरा अभिमानही वाटत होता: तिला पतीच्या समाधीशेजारी राखून ठेवलेल्या जागेत बसवावं, संस्थेनं हरकत घेऊ नये.

वाचून दाखवताच अक्कानं हात वर केला. "हे कुणी सांगितलं लिवायला?"

"सांगायला कशाला पाहिजे? घर देताना आपली जागा राखून ठेवावी. उद्या संस्थेनं हात वर केले म्हणजे?"

"काढ ते."

मी भडकलो. "अक्का, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? जन्मभर ती जागा झाडलीस, आणि आता रुद्रभूमीत जाणार?"

तिनं शांतपणे पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "लुंबिनी आली तवा लई दिवस मागची खिडकी उघडली न्हाई बग तिनं. उन्हाळ्यात घामानं भिजायची, पर उघडायची न्हाई. मालकांना तिनं कधी बघितलं बी न्हाई, तरी भ्याली. ह्या पोरी तर मला रोज बघून राहिल्यात. मी गेले की म्हैन्याभरात इथं ऱ्हायला येणार. खिडकीखाली माझी वली माती असल्यावर त्या खोलीत कोण झोपंल, शिवा? घर द्यायचं आन् झोप घ्यायची, हे कसलं देणं?"

"आणि मालक?"

"सकाळी सांगितलं त्यांना," ती म्हणाली. "मंग मी लई येळ तिथंच बसून होते." तिनं पदरानं डोळे पुसले.

देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणारे दाते पैशाला पासरी भेटतात. ही बाई मात्र सगळं घर देऊन, वर नवऱ्याशेजारची जागाही सोडत होती, आणि तेही अजून राहायलासुद्धा न आलेल्या मुलींना निवांत झोप लागावी म्हणून. इतकं मोठं मन मी आयुष्यात दुसरं पाहिलेलं नाही. मी ते कलम काढलं. दोन साक्षीदारांसमोर तिनं सही केली आणि जाताना मला जेवायला यायला बजावलं.

गेल्या श्रावणात अक्का गेली. तिला रुद्रभूमीत नेलं तेव्हा माणसं कुजबुजली, घरची जागा असताना बाईला इथं का आणलं? मी एकेकाला धरून सांगितलं. घराकडे निघालेला एक म्हातारा परत फिरला आणि तिच्या मातीवर डोकं टेकवून आला.

महिन्याभरानं मी किल्ल्या द्यायला गेलो. मुलींनी ट्रंका आत नेल्या, पाठोपाठ घराच्या मागच्या खिडक्या उघडल्या. एक मुलगी पुस्तक घेऊन चंद्रप्पांच्या कट्ट्यावर बसलीसुद्धा. शेजारच्या जागेकडे बघून तिनं विचारलं, "काका, इथं एवढी जागा रिकामी कुणासाठी सोडली?"



"तुमच्यासाठी," मी म्हणालो.