उभं राहायची नोकरी

"मॅडम काय, घरच्याच हायेत. त्यांना कशाला खुर्ची?"

संस्थेचे अध्यक्ष हे प्राचार्यांच्या कानात म्हणाले, पण सत्काराचं तबक घेऊन मी त्यांच्या मागेच उभी होते. पूर्णेच्या आमच्या कॉलेजात त्या दिवशी पाठक मॅडमचा निरोप समारंभ होता. प्रमुख पाहुण्यांनी ऐन वेळी आपले मेव्हणे सोबत आणले होते आणि स्टेजवर जास्तीची खुर्ची नव्हती. प्राचार्यांनी मेव्हण्यांना हात धरून मॅडमच्या खुर्चीत बसवलं. पायऱ्या चढून आलेल्या मॅडमनी ते पाहिलं आणि सवयीनं कडेला, माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या.

ती त्यांची नेहमीचीच जागा. मॅडम इतिहास शिकवायच्या, पण गाव त्यांना ओळखायचं ते तबकामुळे. सत्कार कुणाचाही असो, शाल, नारळ आणि हार घेऊन कडेला पाठक मॅडम. भाषणं संपता संपायची नाहीत. ओठ न हलवता, शेजारी उभ्या असलेल्या फक्त मला ऐकू येईल इतक्या हळू त्या बोलायच्या. "आता म्हणतेत बघ, मी जास्त वेळ घेणार नाही. म्हणजे गेला अर्धा तास."

मी तिथे इंग्रजी शिकवायला लागले तेव्हा कुणाशी बोलत नसे. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तोंड उघडलं की लोक माझं मराठी तपासतात असं वाटायचं. डबासुद्धा खिडकीकडे तोंड करून खायची. पहिल्याच आठवड्यात मॅडमनी माझ्या डब्याशेजारी एक जाडजूड इंग्रजी पुस्तक ठेवलं. परभणीच्या रद्दीच्या दुकानात मिळालेलं, स्वीडनच्या राजदरबारातल्या बायकांवरचं.

"मला यातलं अर्धंच कळायलंय. तू वाच आन् मराठीत सांग."

मधल्या सुट्टीत आमचं वाचन सुरू झालं. राण्यांचं मॅडमना फारसं कौतुक नव्हतं. "राणीला काय, बसायला हाय," म्हणायच्या. त्यांचा जीव राणीच्या मागे उभ्या असलेल्या बायकांत. मोठ्या घराण्यांतल्या मुली दरबारात नेमल्या जायच्या. राणीचा पंखा धरायचा, हातमोजे सांभाळायचे, शाल पुढे करायची. लग्न झालं की सुटका. नाही झालं तर केस पिकेपर्यंत तिथेच. राणीसमोर बसायचं नाही. मोठ्या मंत्र्यांच्या बायकांना तेवढा बिनपाठीच्या स्टुलावर बसायचा मान, आणि त्या मानावरून रुसवेफुगवे. हे ऐकून मॅडम डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. "अगं, आपल्याकडं लग्नात पहिल्या रांगेतल्या सोफ्यावरून दुसरं काय चालतंय!"

मग त्यांनी चपला काढून पाय समोरच्या बाकावर ठेवले. पोटऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी होत्या. सासूबाई होत्या तोवर घरात त्यांच्यासमोर उभं, वर्गात फळ्यासमोर उभं, कार्यक्रमात तबक घेऊन उभं.

"यांचे पाय किती दुखत असतील, ते लिहिलंय का कुठं?"

मी पानं चाळली. नव्हतं.

"न्हाईच लिहिणार. पाय दुखतेत असं दरबारात म्हणायचं नसतंय."

एकदा मी धीर करून विचारलं, तबक दुसऱ्या कुणाला का देत नाही? पोटऱ्या चोळत म्हणाल्या, "हातात तबक असलं की लोक तबकाकडं बघतेत. आपण दमलोय ते दिसत न्हाई. बरं असतंय ते बी." मग म्हणाल्या, "माझ्या निरोपाला मात्र मी बसणार बघ. पांढरा टॉवेल टाकलेल्या खुर्चीत, पाठ टेकून. तबक तू धर."

म्हणून त्या दिवशी तबक माझ्याकडे होतं, आणि पांढऱ्या टॉवेलला पाहुण्यांचे मेव्हणे टेकले होते.

तिसरं भाषण सुरू झालं. मॅडम एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होत्या. मग हळूच त्यांचा हात पुढे आला. "दे इकडं. जड असतंय ते."

मी दिलं नाही. दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रिकाम्या हातांकडे. ते हात कुठे ठेवावेत हे त्यांना कळेना. पदराला लावले, पाठीमागे नेले, पुन्हा पुढे घेतले.

त्यांची शाल मीच पुढे केली. अध्यक्षांनी ती मॅडमच्या खांद्यावर टाकली. मेव्हण्यांनी बसल्याबसल्या टाळ्या वाजवल्या. प्राचार्य म्हणाले, "मॅडम, दोन शब्द. थोडक्यात हं."

मॅडम माईकसमोर गेल्या. "सन्माननीय अध्यक्ष, प्रमुख पाहुणे..." एवढं म्हणून थांबल्या. माईक हातात घेऊन त्या मागे वळल्या. इतकी वर्षं स्टेजच्या कडेला माझ्या कानाशी जे बोलणं चालायचं, त्याच बोलण्यात, पण मागच्या रांगेतल्या मुलांपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाल्या,

"पाव्हणे, ती खुर्ची माझी हाय. उठा बरं. पाय लय दुखायलेत माझे."