पोचवायला येणारे काका

हिंदी मुलखातल्या आमच्या प्रेम नगरात शेजारी राहणारे काका रेल्वेतून निवृत्त झाले होते, पण स्टेशन काही त्यांच्याने सुटलं नाही. गल्लीतलं कुणीही पुण्याला निघालं की हे पोचवायला हजर. आम्ही नको म्हटलं तरी यायचे. डब्यात शिरून सामान बाकाखाली सरकवायचे आणि समोरच्या प्रवाशाला बजावायचे, "भैयाजी, माताजी पहली बार अकेली जा रही हैं, ज़रा देखिएगा." माझी आई दरवर्षी एकटीच माहेरी जायची. ती मुकाट्याने त्या भैयाजींना शिदोरीतला लाडू द्यायची. शिट्टी झाली की काका खाली उतरून खिडकीशी यायचे. "पोचल्यावर कळवा," म्हणायचे आणि शेवटचा डबा दिसेनासा होईपर्यंत हात हलवायचे.

मग मुलाने काका-काकूंना कायमचं पुण्याला बोलावलं. सगळी गल्ली स्टेशनवर लोटली. काकांनी सामान लावलं, काकूंना खिडकीशी बसवलं, समोरच्याला त्यांच्याकडे लक्ष ठेवायला सांगितलं. शिट्टी झाली आणि काका खाली उतरले.

गाडी हलली. काकू आतून जिवाच्या आकांताने हाका मारत होत्या.

"हो, हो, पोचल्यावर कळवा," काका म्हणाले.

आम्हालाही त्यांना फलाटावरच बघायची सवय. सगळेच हात हलवत राहिलो. शेवटचा डबा दिसेनासा झाला, तेव्हा कुठे काकांचा हात हवेत थांबला.