बोंबलांची माळ

बोईसर स्टेशनमागचा तबेला म्हणजे नरकाची धाकटी शाखा होती, आणि थोरल्या नरकात निदान डास तरी कमी असतील. आम्ही सगळे टांगेवाले, पण एकमेकांचं तोंड दिसलं की सकाळचा चहा पोटात आंबायचा. घोडेही मालकांवर गेलेले. शेजाऱ्याने चाऱ्याची काडी चघळली तरी कान पाडून दात दाखवायचे. साठीच्या दशकात तारापूरला वीज काढायच्या प्रकल्पाचं काम निघालं, गाडीतून उतरेल तो टांगा शोधू लागला, आणि मी घाटावरून एक कोवळा घोडा आणून या नरकात बांधला.

घोडा तांबडा होता. अंगात एवढी रग, की शिंकला तर तबेल्याची कौलं सरकायची. पण आल्या दिवशी त्याने नाक वर केलं ते खाली घेईना. कारण वास! चिंचणी-मुरब्याच्या मासळीवाल्या सुक्या बोंबलांच्या टोपल्या घेऊन आमच्याच टांग्यांतून स्टेशनावर यायच्या. बांबूंना, लगामांना, चाऱ्याला, आमच्या मिशांनासुद्धा बोंबलाचा वास. घाटावरच्या या जनावराने जन्मात मासळी पाहिली नव्हती. चंदीच्या हरभऱ्याला तोंड लावेना, पाणी हुंगून सोडून देई, आणि वर लाथा. एका लाथेने त्याने फळी अशी उडवली, की ती कुंभवलीत कुणाच्या मांडवावर जाऊन पडली, असं मी सांगत असे. मांडववाला भांडायला कधी आला नाही, हे मात्र खरं.

शेजारच्या ठाणावर एक पांढरी घोडी बांधलेली असे. तिचा मालक चिंचणीचा, पानाने तोंड रंगलेला, माझा जुना वैरी. वैराचं कारण आम्हा दोघांनाही आठवत नव्हतं, त्यामुळे मिटवायचं काय हेच कळत नव्हतं.

तबेल्याचा म्हातारा मालक खाटेवर बसून हुकूम सोडायचा. त्याने मला बजावलं, "आवसेपर्यंत बघीन. तवर हा चंदी खाऊन टांग्याला लागला तर ऱ्हाऊ दे. नायतर घेऊन जा."

घेऊन जाणार कुठे? बोईसरात दुसरा तबेला नव्हता. म्हणजे विकायचा. आणि गिऱ्हाईक शेजारीच पान चघळत उभं.

"आवस झाली का मला दे," वैरी म्हणाला. "फुकट नको. फुकटासारखाच दे."

"तुला देण्यापेक्षा खाडीत सोडीन."

"खाडीतपन मासलीच हाय, बाबा!"

सगळा तबेला हसला. घोडेसुद्धा हसले, अशी माझी अजून खात्री आहे.

मी गूळ चारला, हात दुखेपर्यंत खरारा केला, कडबासुद्धा घाटावरून मागवला. एक रात्र त्या कडब्याने तबेल्यात काढली आणि तोही बोंबील झाला. घोड्याच्या बरगड्या दिसू लागल्या.

मग एका सकाळी पाहतो, तर त्याच्या नाकासमोरच्या बांबूला सुक्या बोंबलांची लांबलचक माळ लटकलेली. घोडा पार कोपऱ्यात, डोळे पांढरे करून थरथरतोय.

"काढ ती माळ!" मी वैऱ्यावर धावून गेलो.

"माजी नाय. देवानं बांदली आसंल."

स्वतः काढायला ठाणात शिरलो, तर घोड्याने मागचे पाय असे झाडले की माझी टोपी गेली. माळ राहिली तिथेच. मी शिव्या देत चहा प्यायला गेलो. दुपारी परत येतो तो बांबूवर नुसती सुतळी, तीही अर्धी चघळलेली! उपाशी जनावराला अखेर मिठाची चटक लागली होती. बोंबील संपवून त्याने चंदीत तोंड घातलं, मग दोन घागरी पाणी ढोसलं, आणि वैऱ्याकडे बघून असं फुरफुरला, की त्याचं पान घशात अडकलं.

आवसेच्या सकाळी म्हातारा स्वतः माझ्या टांग्यात बसला. चिंचणीच्या रस्त्याने गेलो, घोडा सुतासारखा सरळ. परतताना मात्र पुढे वैऱ्याचा टांगा. त्याच्या मागच्या बाकावर, आमच्याकडे तोंड करून, एक मासळीवाली बसलेली. मांडीवर टोपली.

वारा आमच्याकडे होता.

माझा घोडा सुटला तो बाणासारखा. म्हाताऱ्याचं पागोटं बाभळीवर राहिलं. बघता बघता घोड्याचं तोंड बाईच्या टोपलीत. दोन्ही टांगे भरधाव, आणि हा जेवतोय!

"आगो बाय!" ती त्याच्या नाकावर थपडा मारत ओरडली. "ह्यो घोरा हाय का मांजर?"

"मागं घे!" वैरी घोडीला चाबूक मारत किंचाळला.

"कसा घेऊ? जेवायला बोलावलंस तूच!"

ते ऐकताच बाई गर्रकन वैऱ्याकडे वळली. "आता कललं! त्या दिशी माज्या टोपलीतली माल तूच उचललीस ना रे, मेल्या?" आणि टोपलीचं झाकण तिने त्याच्या डोक्यात घातलं. स्टेशन येईपर्यंत घालत राहिली.

तबेल्यात उतरल्यावर म्हातारा बोडक्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "जनावर रुललं. तुमी कदी रुलनार नाय. ऱ्हाऊ दे त्याला."

दुसऱ्या दिवशी टांगे जोडले तर एकही पुढे हलेना. माझ्या घोड्यासमोर आपली पाठ कोण करणार? शेवटी वैरी दातओठ खाऊन म्हणाला, "तू हो पुढं. मर."

त्या दिवसापासून माझा टांगा सगळ्यांच्या पुढे आणि सगळ्यांच्या शिव्या माझ्या मागे. त्या शिव्या एवढ्या सणसणीत असत, की घोडा त्यांच्यावरच पळायचा. चाबूक मी विकून टाकला.