वर्गणी न घेण्याची यादी

आमच्या मामेसासऱ्यांइतका कोणाकडे काही न मागणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात शोधून सापडायचा नाही, आणि त्यांच्याइतकी वर्गणी गोळा करणाराही सापडायचा नाही. ही दोन्ही विधानं एकाच माणसाबद्दल कशी खरी असू शकतात, हे मला विचारू नका. आसगावच्या मुलामुलींच्या बँड पथकाचे मामाजी अध्यक्ष आहेत, मी सात वर्षं सचिव आहे, आणि या सात वर्षांत मला जे जे कळलं नाही ते सगळं मी सभेच्या इतिवृत्तात सुवाच्य अक्षरात लिहून ठेवलं आहे. मी सचिव झालो तोही असाच. माझं झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नानंतर मामाजी पहिल्यांदा दुकानात आले, मशीनभोवती एक फेरी मारली, "जवाईबापू, सचिव तुमीच," असं म्हणाले आणि निघून गेले. कशाचा सचिव, ते मला संध्याकाळी बायकोकडून कळलं. बायकोच्या मामाला नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही.

पथक त्यांनी का काढलं, याबद्दलही एकवाक्यता नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी सरपंचांना सांगितलं की पोरं मोबाइलमध्ये बिघडून राहिली म्हणून. मुख्याध्यापकांना सांगितलं की शिस्तीसाठी. आणि मामींना सांगितलं की घरात बसून तुझं ऐकण्यापेक्षा बरं. गंमत म्हणजे संगीतातलं त्यांना काडीचं कळत नाही. कोणतीही धून त्यांना दुसऱ्या धुनेसारखीच वाटते. त्यामुळे वाद्य वाजायला लागलं की ते ताडकन उभे राहतात, न जाणो राष्ट्रगीत असेल तर अपमान नको. माझ्या मेहुणीच्या लग्नात वरात दाराशी येईपर्यंत ते पाऊण तास सावधान उभे होते, आणि अध्यक्ष उभे म्हणून मंडळाचे आम्ही चार सभासदही, भूक लागलेली असताना, उभे होतो. सरावाच्या वेळी ते डोळे मिटत नाहीत की मान डोलावत नाहीत, फक्त मुलांचे पाय बघतात. सगळ्यांचा डावा पाय एकदम पडला की खूश होऊन म्हणतात, "आज बेस वाजवलं."

मंडळात आम्ही अकरा जण. सभा भरते शेठजींच्या राइस मिलच्या पडवीत, आणि मिल चालू असते. कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येत नाही, म्हणून सर्व ठराव एकमताने मंजूर होतात. शेठजी आमचे खजिनदार. एकदा त्यांनी जोरजोरात हातवारे करून काही सांगितलं, आम्ही माना डोलावल्या आणि मी ते अनुमोदन म्हणून लिहून घेतलं. नंतर कळलं की माझ्या पाठीमागच्या पोत्यावर विंचू होता. इतिवृत्तात ते अनुमोदन अजून तसंच आहे.

पण मामाजींची खरी करामत म्हणजे यादी. धान निघालं, विकलं गेलं, मंडईच्या जत्रेचे पाहुणे येऊन गेले की गावोगाव वर्गणीची पावती पुस्तकं निघतात. आमचं पुस्तक निघत नाही. आमची निघते ती यादी, आणि तिचा मथळा असा: 'यंदा खालील मंडळींकडून वर्गणी घेऊ नये.' झेरॉक्स मी काढायची आणि ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवायची. पहिल्या वर्षी पहिलंच नाव शेठजींचं होतं. शेठजी तासाभरात बनियनवरच माझ्या दुकानात हजर; मामाजी तिथेच बसले होते.

"माहं नाव कोनं लावलं? माही मिल का बंद पडली का?"

"तसं नाही जी," मामाजी शांतपणे म्हणाले, "खर्च बहुत असते मानसाले. मंडळाले वाटलं, यंदा शेठजीले तरास नोको."

शेठजींनी तिथल्या तिथे, मंडईला देतात त्याच्या दुप्पट वर्गणी काढून दिली, आणि नाव खोडल्याशिवाय जागचे हलले नाहीत. मी लाल पेनाने नाव खोडलं. मग खतवाले आले, ट्रॅक्टरवाले आले, निवृत्त मास्तर आले. सगळे चिडलेले, सगळे देणारे. तिसऱ्या वर्षी मात्र मेडिकलवाला रडकुंडीला आला तो नाव यादीत नाही म्हणून. मी त्याला समजावलं, अरे, नाव नाही म्हणजे तुझ्याकडून घेणार, म्हणजे तू देणारा, म्हणजे मान तुझाच. तो म्हणाला, "मोठ्या मोठ्या लोकायची नावं लागली, मंग माहं काहून नाई?" मी विचारात पडलो, आणि खरं सांगायचं तर अजून त्यातून बाहेर आलेलो नाही. मामाजींनी त्याचं नाव लावलं, त्याने पैसे दिले, आम्ही नाव खोडलं आणि तो आनंदाने घरी गेला. मी एकदा मामाजींना विचारलं की सरळ मागत का नाही? त्यांनी माझ्याकडे मी काही अभद्र बोललो असल्यासारखं पाहिलं. "मांगाले हात पुढं करा लागते, जवाईबापू. माह्याच्यानं होत नाही. नोकरीत बी मी कोनाले रजा मांगतली नाही."

ते खरंच होतं. मामी सांगतात, हा माणूस ताटावर बसून भाजीसुद्धा मागत नाही, रिकाम्या वाटीकडे बघत बसतो.

दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात त्या यादीत शेवटचं नाव लागलं काजलच्या आईचं. काजल म्हणजे आमचा बास ड्रम. तिचं घर तलावाच्या पाळीजवळ, बांधाला लागून, मासेमार ढीवरांच्या वस्तीत. बाप तलावात जाळं ओढताना पडला आणि पाय मोडून घरी बसला होता. आई एकटी बाजारात मासे विकून घर चालवत होती, तरी दरवर्षी पोरीच्या हाती कागदात बांधून वर्गणी पाठवायची. मामाजी म्हणाले, "या बाईकडून यंदा खरंच घ्याचं नाही. लिवा." मी लिहिलं. खरंच आणि खोटंच अशा दोन याद्या कराव्यात, हे आम्हा दोघांनाही सुचलं नाही.

जानेवारी लागला आणि काजल सरावाला यायची बंद झाली. प्रजासत्ताक दिनी पवनीला तहसीलच्या संचलनात आमचं पथक पहिल्यांदाच निवडलं गेलं होतं, आणि दिवस उरले होते नऊ. बास ड्रम म्हणजे पथकाचा पाय. तो बरोबर पडला नाही तर बाकीच्या चोवीस पोरांना डावा कोणता नि उजवा कोणता ते कळत नाही. आम्ही शेठजींच्या नातवाच्या गळ्यात ड्रम अडकवला. त्याने असा काही ठोकला की बिगुलवाले शाळेकडे वळले, झांजवाले बाजाराकडे गेले आणि साइड ड्रमवाला एकटाच सरळ चालत राहिला. मामाजी पाय बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, "काजल कायले येऊन नाही राहिली?" कोणालाच माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. जाताना ग्रामपंचायतीचा फळा लागला. मी सहज वर पाहिलं आणि माझे पाय थांबले. यादीतली वरची सगळी नावं लाल रेघेने खोडलेली होती. खाली एकच नाव, न खोडलेलं, महिनाभर गावाच्या डोळ्यांसमोर. ती झेरॉक्स मीच काढली होती आणि रोज त्या फळ्यावरून मीच जात होतो. मला स्वतःची इतकी लाज त्याआधी कधी वाटली नव्हती. मामाजींनीही ते पाहिलं आणि झपाझप पुढे निघाले.

काजलची आई अंगणात सुकलेल्या झिंग्यांचे बाजारासाठी वाटे मांडत बसली होती. तिने आम्हाला खाट दिली, चहा दिला. काजल दाराआडून ऐकत असावी, कारण तिच्या पायाचं बोट तेवढं दिसत होतं. मामाजींनी त्यांच्या पद्धतीप्रमाणे आधी तलावाच्या पाण्याची चौकशी केली, मग मोडलेल्या पायाची, मग जाळ्याची. ती मान वर न करता म्हणाली, "शेठजीचं नाव लागलं, तं त्यायनं पैसे देऊन काढून घेतलं. आमच्यापाशी काढाले पैसे नाई जी. मंग पोरीनं कोनत्या तोंडानं वाजवाव?"

"बाई, शेठजीचं नाव खोटं होतं. तुमचं आमी खरं लावलं," मामाजी घाईने म्हणाले. "तुमाले तरास नोको म्हनून."

"कोनतं खोटं नि कोनतं खरं, ते मले कसं समजावं?"

इतकी वर्षं सचिव राहून मला जो प्रश्न विचारता आला नाही, तो तिने एका वाक्यात विचारला होता.  मामाजी खाटेवरून उठले. मला वाटलं, कुठे काही वाजतंय की काय. पण कुठेच काही वाजत नव्हतं. त्यांनी खिशातून रुमाल काढला, तो उजव्या हातावर पसरला, हात पुढे केला, मागे घेतला, पुन्हा पुढे केला. ओठ दोनदा हलले, आवाज तिसऱ्यांदा आला.

"बाई, पथकाले वर्गणी द्या."

"किती?"

मामाजी गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आयुष्यात कोणाला आकडा सांगितला असता तर सुचला असता. "जे असन ते," ते म्हणाले. तिने झिंग्यांचा एक वाटा उचलून त्यांच्या रुमालात घातला. मामाजींच्या घरात लसूणसुद्धा चोरपावलांनी येतो. त्यांनी तो रुमाल दोन्ही हातांनी धरला. "पावती फाडा," ती मला म्हणाली. 'वर्गणी, वस्तुरूपाने: झिंगे, एक वाटा,' असं खिशातल्या कागदावर लिहून मी सही केली. ती पावती तिने नीट वाचून घेतली, काजलला बाहेर बोलावलं आणि आमच्यासोबत ग्रामपंचायतीपर्यंत आली. "माह्या डोळ्यासमोर खोडा," म्हणाली. मामाजींनी माझ्या हातातला लाल पेन घेतला आणि नाव स्वतः खोडलं. त्या झिंग्यांचं पुढे काय झालं, ते मी मामींना विचारलं नाही.

पवनीच्या मैदानावर आमचं पथक समोरून गेलं तेव्हा मामाजी उभे राहिले. पथक वळलं, दिसेनासं झालं, पोलीस गेले, एनसीसी गेली, मागचे लोक "बसा ना जी" करू लागले. मी त्यांचा शर्ट ओढून म्हटलं, "मामाजी, हे राष्ट्रगीत नव्हतं." ते म्हणाले, "मले समजलं. हे काजल होय." आणि उभेच राहिले.

त्यानंतर यादी निघाली नाही. शेठजींनी दोनदा निरोप पाठवला की यंदा माझं नाव लावा, मी चिडायला तयार आहे. मामाजी ऐकत नाहीत. आता ते दारोदार जाऊन सरळ मागतात, आणि इतकं वाईट मागतात की लोकांना वाटतं, तब्येत बरी नसावी. वर्गणी पूर्वीच्या निम्मीसुद्धा होत नाही. बिगुलांना पोचे आले आहेत, गणवेश तोकडे झाले आहेत, काजल भंडाऱ्याला कॉलेजात जाते आणि रविवारी येऊन नव्या मुलीला ड्रम शिकवते.  पहिलं दार मात्र दरवर्षी तलावाच्या पाळीजवळचंच असतं. ते रुमाल पसरतात, मी पावती पुस्तक उघडून मागे उभा राहतो, काजलची आई कामातून मान वर करून विचारते, "किती?" आणि मामाजी अजूनही माझ्याकडे बघतात.