एका मिनिटातली जनावरं

सुलभा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गडचांदूरला, माझ्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात एका कामगाराची कंबर शेकत होतो. फोन तिच्या भावाचा होता. झोपेतच गेली, म्हणाला. मी ‘बरं’ म्हणालो आणि त्या माणसाची कंबर पूर्ण शेकून दिली. मला रडायला वेळ लागतो. शिवाय सुलभाला रडारडीचा भारी कंटाळा होता, त्यामुळे आमचं जमायचं.

ती मेंदूच्या आजारांची डॉक्टर. कंपवात झालेल्या माणसाचे हात थरथरतात हे सगळ्या गावाला दिसतं; त्याच्या स्मरणशक्तीचं आणि मनाचं काय होतं, हे कोणी विचारत नाही, असं ती म्हणायची. माणूस गप्प बसू लागला, तर तो विसरायला लागलाय की आतून खचलाय? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, उपाय मात्र वेगळे. या एका प्रश्नापायी ती कुरखेड्याकडच्या गावांतून कित्येक वर्षं फिरली. मी तिचा कॉलेजातला मित्र. रुग्णांना चालण्याचे व्यायाम शिकवायला सोबत जायचो आणि, खरं सांगायचं तर, गाडी चालवायला. ती स्टिअरिंगवर बसली की एकही खड्डा सोडत नसे.

तिच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत एक प्रश्न होता : एका मिनिटात आठवतील तितकी जनावरं सांगा. रानात मोहफुलं वेचायच्या दिवसांत तिनं तो पारबताबाईंना विचारला. पारबताबाई म्हणजे धानाची शेती असलेल्या घरातली कर्ती बाई, हात नुकतेच थरथरू लागलेले. गाय, बैल, बकरी म्हणाल्या आणि थांबल्या. पुढे नुसत्या बघत राहिल्या. सुलभानं त्यांच्या मुलाला बाजूला घेऊन सांगितलं, स्मरणशक्ती उतरणीला लागली आहे, आता सगळा भार यांच्यावर टाकू नका. त्या दिवसापासून सुनेनं त्यांना काही विचारणंच सोडलं. बियाणं कधी काढायचं, पाहुण्याला काय रांधायचं, काहीच नाही.

पण मग शेजारचा तरणा गडीही गाय-बैलावर थांबला, तेव्हा सुलभाच्या डोक्यात प्रकाश पडला. तिनं त्यालाच विचारलं. तो अवघडून म्हणाला, “बाई, सकाळी मोहाले जाचं हाय. रानातल्यायचं नाव काढलं का त्याचंबी नाव येते तोंडात. तो ऐकते.” तो म्हणजे वाघ. त्या दिवसांत गावात त्याचं नाव कोणी घेत नाही, हे आम्हा दोघांना ठाऊक नव्हतं... शिकलेली माणसं आम्ही!

ती त्याच संध्याकाळी पारबताबाईंकडे परत गेली. रानातून खायला काय काय आणता, एवढंच विचारलं. म्हातारी मिनिट संपलं तरी थांबेना. डोकं शाबूत होतं. पाय अडखळू लागल्यानं रान सुटलं होतं, आणि त्यानं मन खचलं होतं. सुलभानं मनाचं औषध सुरू केलं, चूक घरच्यांसमोर कबूल केली, जनावरांच्या प्रश्नावर केलेलं सगळं काम रद्द करून नवी चाचणी बांधली. औषधानं बाई बोलू लागल्या. पण मुलगा म्हणाला, “पयले तुमीच सांगतलं ना, डोकं गेलं मनून.” ते त्या घरात एकदा बसलं ते बसलंच. सुलभा दरवर्षी तिथे जाऊन तेच समजावायची. शेवटच्या फोनवरही म्हणाली, “पारबताबाईंचं माझ्याच्यानं निस्तरलं नाही रे...”

मागच्या आठवड्यात मी एकटाच पारबताबाईंकडे गेलो. आजार पुढे गेला होता. कंपवातात चेहऱ्याचे स्नायू आखडतात, हसू-रडू काही उमटत नाही. तसाच बाईंचा चेहरा झाला होता. मुलगा म्हणाला, “तिले काऊन सांगता भाऊ? तिले नाई समजत.” मी तरी त्यांना सांगितलं, सुलभा गेली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. “पाहा,” मुलगा म्हणाला आणि बायकोला माझ्यासाठी भात टाकायला सांगितलं.

तिनं लाकडं सारली, आगपेटी घेतली. तेवढ्यात पारबताबाईंचा आवाज आला, अगदी बारीक.

“चूल पेटवू नोको. घरची बाई गेली.”

मी रडलो, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मुलगा काहीतरी बोलायला गेला. सुनेनं त्याच्याकडे पाहिलं नाही. आगपेटी खाली ठेवून ती सासूच्या पायाशी येऊन बसली आणि हळूच विचारलं,

“किती दिवस पाळाचं, आत्याबाई?”